पोटातल्या शेतावरची फवारणी थांबवा



दोन वर्षे लागोपाठ पावसाने दगा दिला की कोरडवाहू गावातला एखादा गडी बायकापोरांसह मुंबईची गाडी धरतो. १९७२ च्या दुष्काळात असे लोंढे गेले, पुढेही जातच राहिले. ही माणसे मुंबईत जिथे पाठ टेकतात त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे अँटॉप हिल. वडाळा आणि शीव यांच्या मध्ये, मिठागरांच्या अंगाला. तिथे केंद्र सरकारच्या नोकरांची सीजीएस वसाहत आहे आणि त्याच भागात कोकरी आगार, संगमनगर अशा दाटीच्या वस्त्या आहेत. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा आणि गाव सोडून आलेला, दोघे एकाच टपाल कचेरीच्या हद्दीत राहतात. इंडिया आणि भारत यांची शीव बघायला तिथे लांब जावे लागत नाही.

या वस्त्यांच्या घरांवर, नळांवर, गटारांवर भाषणे पुष्कळ झाली. तिथल्या माणसांच्या आणि आपल्याही पोटात काय चालले आहे, यावर मात्र कोणी बोलत नाही. ते आज बोलायचे आहे.

अशा वस्तीतल्या लेकराला हगवण लागते. आई दिवसाची मजुरी बुडवून नाक्यावरच्या दवाखान्यात जाते. तिथे पाच मिनिटांत अँटिबायोटिकची बाटली हातात पडते. तीन-चार दिवसांत लेकरू बरे होते. आईला वाटते, औषधाने गुण आला. महिना-दीड महिन्याने पुन्हा हगवण, पुन्हा बाटली, या वेळी आणखी महाग. आपल्या तालुक्याच्या गावीही हेच चालते. फरक असला तर एवढाच की तिथे कधी कधी दवाखान्यातही जावे लागत नाही, दुकानदारच गोळी काढून देतो.

लहान मुलांची हगवण बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. साध्या हगवणीवर औषध आहे ते मीठ-साखरेचे पाणी आणि झिंकच्या गोळ्या. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपात कालवून माणसांना पाजले. शंभरात तीस माणसे दगावत होती, ते प्रमाण चारच्या खाली आले. पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झालेली ही गोष्ट आहे. पण मिठाच्या पाण्यात कमिशन नाही, बाटलीत आहे.

कोणी म्हणेल, नाही लागू पडले तर नाही, अपाय तर होत नाही? अपाय होतो, आणि तो समजायला कापूसवाल्याला डॉक्टरकीची पुस्तके वाचावी लागत नाहीत.

१९८० च्या सुमारास आपल्या कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड आले. सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट. पहिली दोन-चार वर्षे बोंडअळी पटापट मेली. मग दर आठवड्याला पंप पाठीवर चढू लागला. अळीबरोबर ढालकिडे मेले, क्रायसोपा मेला, ट्रायकोग्रामा मेला. अळ्यांची अंडी आणि मावा खाणारी ही फुकटातली फौज आपल्याच हाताने गारद झाली. उरल्या त्या औषध पचवलेल्या अळ्या, आणि वर पांढरी माशी. १९८७-८८ साली आंध्रात गुंटूर-प्रकाशमच्या कापूसवाल्यांनी वीस-वीस, तीस-तीस फवारण्या करूनही पीक गमावले आणि कित्येकांनी तेच औषध स्वतःच्या घशात ओतले. शत्रूला मारायला निघालेल्याने मित्र आधी मारले, हा त्या साऱ्याचा अर्थ.

आपल्या आतड्यातही असेच एक शेत आहे. साधारण सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात ३८ लाख कोटींच्या आसपास जंतू असतात, असा २०१६ चा हिशेब आहे. माणसाच्या स्वतःच्या पेशीही जवळपास तेवढ्याच. या जंतूंपैकी बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. ते रोगाचे जंतू नाहीत. ते आपले सालदार आहेत, आणि त्यांची कामे ठरलेली आहेत.

पहिले काम पचनाचे. भाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते आंबवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला लागणारे अन्न तयार करतात. त्या अस्तराच्या पेशींची बहुतांश भूक याच अन्नावर भागते. दुसरे काम राखणीचे. जागा आणि खुराक त्यांनी आधीच धरून ठेवलेला असल्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूला पाय टेकायला जागा मिळत नाही. दाट पेरलेल्या शेतात तण माजत नाही, तसे. तिसरे काम शिकवणीचे. शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीत असतो. कोणावर तुटून पडायचे आणि कोणाला सोडून द्यायचे, हे त्या पेशी जन्मापासून या जंतूंच्या सहवासात शिकतात. ज्याला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो ती टॉनिकच्या बाटलीतून येत नाही. तिच्या जडणघडणीत या जंतूंचा मोठा हात आहे.

ही राखण किती पक्की असते? अमेरिकेत १९५० च्या दशकात उंदरांवर एक प्रयोग झाला. धडधाकट उंदराला साल्मोनेलाची लागण करायला लाखभर जंतू पाजावे लागत. त्याच उंदराला आधी स्ट्रेप्टोमायसिन दिले की दहापेक्षा कमी जंतू पुरत. राखणदार मारला की चोर एकटा आला तरी घर लुटतो. हे स्ट्रेप्टोमायसिन तुमच्या ओळखीचे आहे. कपाशीवरच्या जिवाणूजन्य करप्यासाठी स्ट्रेप्टोसायक्लीनची जी पुडी आपण पंपात टाकत आलो, तिच्यात तेच असते.

ही गोष्ट उंदरांपुरती नाही. २०१८ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना चार दिवस तीन जबर अँटिबायोटिके दिली. दीड महिन्यात आतड्यातले बरेचसे जंतू परतले. पण जंतूंच्या नऊ जाती, ज्या आधी सगळ्यांच्या पोटात होत्या, त्या १८० दिवसांनीही दिसल्या नाहीत. हे धडधाकट तरुणांचे. ज्या लेकराला वर्षात चार वेळा बाटली पाजली जाते त्याचे शेत कधी भरून यायचे?

पश्चिमेकडे अँटिबायोटिकांनंतर उलटणारी एक जीवघेणी हगवण आहे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू मोकळ्या रानात तणासारखा माजतो. हॉलंडमध्ये २०१३ साली अशा रोग्यांवर एक उपचार करून पाहिला. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू नळीने रोग्याच्या आतड्यात सोडले. सोळापैकी तेरा पहिल्याच खेपेला बरे झाले. नुसत्या अँटिबायोटिकवर ठेवलेल्या तेरांपैकी चारच बरे झाले. नाक मुरडू नका. दुधाला चांगले विरजण मिळाले नाही तर दही लागत नाही, हे घरातली कोणतीही बाई सांगेल.

मग जंतू म्हणजे रोग, हे आपल्या डोक्यात इतके घट्ट कसे बसले? त्यालाही कारण आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये हाफकिन यांनी त्यावर लस काढली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला गेली. अँटॉप हिलपासून ती जागा काही मैलांवरच आहे. पटकी, प्लेग, विषमज्वर यांनी माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली होती, तेव्हा जंतूंशी युद्ध पुकारणे बरोबरच होते. ते युद्ध आजही संपलेले नाही. म्हणून एक गोष्ट स्वच्छ सांगून ठेवतो. मित्रजंतूंचे नाव घेऊन घाणीची तरफदारी करणारा माणूस तुमचा शत्रू आहे. अँटॉप हिलच्या वस्तीला शुद्ध पाणी आणि शौचालय हवे, तसेच तुमच्या गावालाही हवे. पाणी शुद्ध मिळाले तर निम्मी हगवण लागणारच नाही आणि बाटलीची वेळही येणार नाही. सरकारला नळ देता येत नाही, म्हणून दुकानदार बाटली देतो, हे या धंद्याचे मूळ आहे.

अँटिबायोटिक टाकाऊ आहे असेही कोणी समजू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून तयार केले. नवजात बाळाला रक्तदोष झाला आहे हे ओळखायचे आणि घरच्या घरी इंजेक्शन द्यायचे, हे त्या बाया शिकल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ते इंजेक्शनही अँटिबायोटिकच होते. फार न शिकलेली खेड्यातली बाई केव्हा द्यायचे आणि केव्हा नाही हे शिकू शकते. मग पाटी लावून बसलेल्याला ते का जमू नये? जमते, पण परवडत नाही.

फवारणी झाली. आता पेरणीचे आणि खताचे बघू, कारण शेत नुसते न फवारल्याने पिकत नाही.

पोटातल्या शेताची पेरणी बाळंतपणात होते. जन्मताना आईच्या अंगावरचे जंतू बाळाला मिळतात आणि त्यांचा खुराक आईच्या दुधात असतो. आईच्या दुधात अशा शेकडो प्रकारच्या साखरा आहेत ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. निसर्गाने त्या बाळासाठी घातलेल्या नाहीत, त्याच्या पोटातल्या बायफिडो जंतूंसाठी घातल्या आहेत. पहिल्या दोन-चार दिवसांच्या पिवळ्या दुधात त्या सगळ्यांत जास्त असतात. गाय व्याली की वासराला चीक पाजायला आपण रात्री उठतो. आणि सुनेचे पिवळे दूध वाईट म्हणून पिळून टाकायला सांगतो, बाळाला मध चाटवतो. वासराची अक्कल नातवाला का नाही?

हे मोठ्या दवाखान्यांनाही शिकावे लागले. अँटॉप हिल, धारावी, कोळीवाड्याची गरीब बाळंतीण ज्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जाते तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी काढली. आशियातली ती पहिली. ज्या बायांना दूध जास्त येते त्यांचे घ्यायचे, ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवायचे आणि ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईचे दूध मिळत नाही त्यांना पाजायचे. तापवल्याने दुधातले जंतू मरतात, पण जंतूंच्या खुराकाच्या त्या साखरा जवळपास तशाच टिकतात. डब्याच्या पावडरीत ही पेरणी पूर्णपणे कोणी घालू शकलेले नाही. श्रीमंत देशांचे मशीन घेऊन जे साधायचे ते या सरकारी दवाखान्याने वस्तीतल्या बायांच्या दुधावर साधले. आणि दूध देणाऱ्या बाया कोण? त्याच, ज्यांना आपले पुढारी शहरावरचा बोजा म्हणतात.

ओडिशात १४९ गावांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. अंगावर पिणाऱ्या बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जंतू आणि त्याचा खुराक सात दिवस दिला. रक्तदोष आणि मृत्यू मिळून प्रमाण शंभरात ९ होते, ते ५.४ वर आले. ज्यांना पोटातले जंतू ही पंडितांची करमणूक वाटते त्यांनी हा आकडा वाचावा. मात्र हा दाखला त्या एका जातीच्या जंतूचा आहे. बाजारात प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीला तो चिकटवू देऊ नका. आपले ताक चांगलेच, पण ताकातले जंतू पोटात पाहुणे म्हणून येतात आणि जातात. घर करून राहणाऱ्यांना रोजचा चारा लागतो.

तेव्हा प्रश्न असा की आईने सहा महिने बाळाला अंगावर पाजावे, तर ते परवडते कोणाला? अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्या नोकरदार बाईला २००८ पासून १८० दिवसांची भरपगारी रजा आहे. चांगली गोष्ट आहे, तिच्याबद्दल असूया नाही. पण तिच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला? यवतमाळच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईला? पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पाच हजारांना १८० दिवसांनी भागा. दिवसाला २८ रुपये पडतात. एवढ्यावर तिने वेचणी सोडून घरी बसावे आणि न बसली तर आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या घोषणा तिने वाचाव्यात!

आता खत. या जंतूंचे खत म्हणजे चोथा, आणि ते खत तुम्ही पिकवता. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. पांढऱ्या तांदळात तीनच्या आत, मैद्यातही तेवढाच. शिवाय ज्वारीचे पीठ सावकाश पचते, त्यातला काही भाग न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातो आणि जंतूंच्या कामी येतो. २०१० साली इटलीच्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या खेड्यातली, ज्वारी-बाजरी आणि चवळी खाणारी मुले आणि फ्लॉरेन्स शहरातली मुले यांची तुलना केली. खेड्यातल्या मुलांच्या पोटात चोथा आंबवणाऱ्या प्रेव्होटेला जातीच्या जंतूंचे राज्य होते आणि आतड्याला लागणारे ते अन्नही जास्त तयार होत होते. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की भारतीय माणसाच्या आतड्यातही प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जंतू ठळकपणे आढळतात. आपल्या आजे-पणज्यांच्या भाकरीची ही कमाई आहे.

ती किती लवकर उधळली जाते तेही पाहा. थायलंडमधून अमेरिकेत मिनेसोटाला स्थलांतर केलेल्या लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्ष भरायच्या आत त्यांच्या पोटातले मूळचे जंतू कमी होऊ लागले, प्रेव्होटेला मागे हटला आणि पिढी बदलली तशी घट वाढली. आपला माणूस अमेरिकेला जात नाही, अँटॉप हिलला जातो. तिथे दहा बाय दहाच्या खोलीत भाकरी थापायला जागा नाही, वेळ नाही, आणि ज्वारी घ्यावी तर ती तांदळाहून महाग. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, रात्री रेशनचा भात. पोटातले सालदार उपाशी राहतात आणि घरावर पहारा उरत नाही.

ज्वारी ताटातून गेली ती लोकांची चव बदलली म्हणून नव्हे. १९६०-६१ साली महाराष्ट्रात सुमारे ६३ लाख हेक्टरांवर ज्वारी होती. आज ती तिसऱ्या हिश्श्यावरही नाही. सत्तरच्या दशकात लेव्ही लावून ज्वारी आपल्या अंगणातून उचलली. गहू-तांदळाला सरकारी खरेदी, गोदाम, कालवा, संशोधन सगळे मिळाले. ज्वारीला मिळाले 'भरड धान्य' हे नाव. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भाव लिहिले ते पाहा: तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया. सरकारच्या लेखी तुमच्या घामाची पायरी कोणती, हे कायद्यातच लिहिले आहे. आणि त्या रुपयातली ज्वारी मुंबईच्या रेशन दुकानात क्वचितच पोहोचली. पोत्यातून आला तो गहू आणि तांदूळच. २०१८ मध्ये भरड धान्याचे 'पौष्टिक धान्य' झाले, २०२३ हे साल जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीला 'श्रीअन्न' ही पदवी मिळाली. त्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव ३,१८० रुपये होता. भाव जाहीर करायला कागद पुरतो, माल घ्यायला खरेदी केंद्र लागते. पदवी मिळाली, गिऱ्हाईक मिळाले नाही.

म्हणजे एकाच धोरणाने दोन घरे बसली. गावाकडे ज्वारीवाला बसला आणि अँटॉप हिलला त्याच्याच भावाचे पोट बसले. मग त्या पोटासाठी औषध, औषधासाठी कर्ज.

तेव्हा जिल्हा बैठकीत या गोष्टी मांडाव्यात आणि गावोगाव सांगाव्यात.

एक. दवाखान्यात विचारायचे: हे अँटिबायोटिक आहे का, कशासाठी? साध्या हगवणीला, सर्दी-पडशाला ते मागायचे नाही. मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करायचे. शौचातून रक्त पडले, लेकरू ग्लानीत गेले, पाणी पोटात ठरेना, लघवी बंद झाली, तर घरी बसायचे नाही, दवाखाना गाठायचा. डॉक्टरने गरज सांगून औषध दिले तर सांगितले तितके दिवस घ्यायचे.

दोन. जबर अँटिबायोटिके चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची, असा नियम २०१४ पासून अमलात आहे. तालुक्याच्या दुकानांत ती वही आहे का, हे औषध निरीक्षकाला विचारायचे. कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली. आपल्यापैकी ज्यांची पोल्ट्री आहे त्यांनी पोत्यावरची चिठ्ठी वाचावी.

तीन. पिवळे दूध टाकायचे नाही. सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे. डब्याच्या दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. आणि शेतमजूर बाईला बाळंतपणाचे सहा महिने किमान मजुरीइतकी रक्कम मिळालीच पाहिजे. सरकारी वसाहतीतले बाळ आणि वेचणीवालीचे बाळ यांच्या आतड्यांत निसर्गाने फरक केलेला नाही.

चार. ज्वारीची खरेदी केंद्रे सुगीच्या आधी उघडावीत आणि मुंबईच्या रेशनवर गहू-तांदळाबरोबर ज्वारी घ्यायची मुभा कार्डधारकाला द्यावी. फुकट वाटा असे आपण म्हणत नाही. ज्वारीला ज्वारीचा भाव द्या आणि खाणाऱ्याला निवड द्या, एवढेच म्हणतो.

कपाशीवरचे मित्रकीटक मेल्यावर आपल्याला त्यांची नावे कळली. पोटातल्या मित्रांची नावे ते जिवंत आहेत तोवरच शिकून घेऊ.